कमानीचा रेटा

(नाना शंकरशेट यांच्या स्मृतिदिनी ठाण्यातील माजिवडा येथे दिलेले व्याख्यान)



आज ३१ जुलै. १८६५ साली याच दिवशी जगन्नाथ शंकरशेट, म्हणजे आपले नाना, गेले. जन्म आपल्याच जिल्ह्यातल्या मुरबाडचा. १८४५ मध्ये जमशेटजी जीजीभॉय यांच्यासोबत त्यांनी रेल्वेसाठी मंडळ उभं केलं आणि आठ वर्षांनी, १६ एप्रिल १८५३ रोजी, बोरीबंदरहून सुटलेली गाडी ठाण्याला पोचली. चौदा डबे, चारशे पाहुणे, साहिब, सिंध आणि सुलतान ही तीन इंजिनं, एकवीस तोफांची सलामी, हे सारं आपल्याकडे शाळकरी पोरांनाही पाठ असतं. मी आज त्याच्या पुढच्या वर्षाबद्दल बोलणार आहे. पहिली गाडी ठाण्याला थांबली, कारण पुढे खाडी होती.

ती खाडी ओलांडून रेल्वे १ मे १८५४ रोजी कल्याणला गेली. त्या पुलाचं १८५५ सालचं चित्र आपल्यापैकी अनेकांनी पुस्तकांत पाहिलं असेल. खाली संथ पाणी, त्यावर एकसारख्या दगडी कमानींची लांब रांग आणि वरून धूर सोडत चाललेली गाडी. बघणाऱ्याची नजर गाडीवर जाते. माझी जाते कमानींच्या मधल्या खांबांवर. एका बाजूची कमान खांबाला डावीकडे ढकलते, दुसरी उजवीकडे. दोन्ही रेटे सारखे म्हणून खांब जागच्या जागी. आजचं व्याख्यान या रेट्याबद्दल आहे.

इंजिनिअर तिला आर्च म्हणतो, गवंडी कमान म्हणतो. दातांचे डॉक्टर जबड्यातल्या दातांच्या ओळीला आर्च म्हणतात, हाडांचे डॉक्टर तळपायाच्या पोकळीला. नव्वदच्या दशकात ठाण्यात ज्यांनी फ्लॅट घेतले, त्यांनी हॉल आणि पॅसेजच्या मध्ये हौसेनं पीओपीची आर्च करून घेतली होती. धनुष्य कमानच, ट्रकखालचे पाटेही कमानच. एखाद्याची भरभराट झाली की आपण चढती कमान म्हणतो. जेवणाच्या ताटाभोवती रांगोळीची महिरप असते आणि गणिताच्या वहीत महिरपी कंस. इतक्या जागी एकच आकार दिसतो, पण आकार दिसला म्हणजे कमान झाली असं नाही. कमान ओळखायची ती ती काय करते यावरून.

एक साखळी घ्या. दोन टोकं दोन हातांत धरा आणि मधला भाग सैल सोडा. ती एका विशिष्ट वळणात लोंबते. त्या वळणात साखळीची प्रत्येक कडी शेजारच्या कडीला फक्त ओढत असते, दुसरं काही करत नाही. आता ते वळण मनातल्या मनात उलटं करा आणि कड्यांच्या जागी दगड ठेवा. ओढीच्या जागी दाब आला. प्रत्येक दगड शेजारच्या दगडाला फक्त दाबतो. दगड ओढ सोसत नाही, चटकन तुटतो. दाब मात्र शतकानुशतकं सोसतो. शास्त्रज्ञ रॉबर्ट हुक यांनी हे तत्त्व १६७५ साली अक्षरांची उलथापालथ करून कोड्यासारखं छापलं होतं. त्याचा उलगडा जगाला झाला तो त्यांच्या मृत्यूनंतर.

साखळी धरणाऱ्या हातांना आणखी एक गोष्ट जाणवते. साखळी हातांना आत ओढते. उलट केल्यावर कमान आपल्या पायांना बाहेर ढकलते. वजन वरून खाली येतं, पण कमान ते सरळ खाली सोडत नाही, तिरकं करून दोन्ही बाजूंना देते. हा बाहेरचा रेटा कमान उभी असेपर्यंत थांबत नाही. रात्री पुलावर एकही गाडी नसते तेव्हाही तो असतोच. कमान जितकी बसकी, तितका रेटा मोठा. लांबी तीच, वजन तेच ठेवलं आणि उंची निम्मी केली, तर रेटा दुप्पट होतो. म्हणून बसकी, देखणी कमान बांधणाऱ्यानं बाजूचे पाये आधी पक्के करावेत, हा या कामातला पहिला धडा.

कमानीच्या माथ्यावरच्या कळीच्या दगडाचं कौतुक फार होतं. तो शेवटी बसतो आणि तो बसेपर्यंत सगळा भार खालच्या लाकडी सेंटरिंगवर असतो, हे खरं. पण तो बसल्यावर इतर दगडांपेक्षा तो जास्त काही करत नाही. उलट, जास्त दाब पायथ्याच्या दगडांवर असतो आणि त्यांच्याकडे कुणी पाहत नाही. कमानीची तपासणी करायला गेलेला माणूस मान वर करून माथा पाहत राहिला, तर तो नवखा समजावा. जाणता माणूस आधी खाली उतरतो.

हा रेटा सांभाळायचे मोजकेच मार्ग आहेत. एक म्हणजे बाजूला जड पाया घालणं किंवा डोंगराच्या अंगाला पाय टेकणं. दुसरा, शेजारी दुसरी कमान बांधून दोन रेटे एकमेकांवर सोडणं, जसं ठाण्याच्या खाडीवर केलं. तिसरा, दोन्ही पाय दोरीनं एकमेकांना बांधून टाकणं. आपल्या तळपायात निसर्गानं हेच केलेलं आहे. टाचेपासून बोटांच्या मुळापर्यंत हाडांची कमान आणि तिच्याखाली ताणलेला चिवट पट्टा. तो पट्टा सैल पडला की पाऊल सपाट होतं आणि चालणारा लवकर दमतो.

चौथा मार्ग मला पुस्तकात नव्हे, आपल्या या महामार्गालगतच्या एका गॅरेजमध्ये नीट कळला. मालट्रक वर उचललेला होता आणि मागचे पाटे सोडवून जमिनीवर मांडले होते. सगळ्यात लांब पाटा वरचा, दोन्ही टोकांना गोल वळवलेले डोळे. त्याखालचा त्याहून आखूड, त्याखालचा आणखी आखूड, आणि सगळ्यांच्या मधोमध एकच बोल्ट. पाटे ‘बसले’ होते, म्हणजे सपाट झाले होते. मिस्त्री एकेक पाटा तापवून, घणानं ठोकून त्याला पुन्हा कमान देत होता आणि दर थोड्या वेळानं शेजारच्या पाट्यावर ठेवून दोघांमधली फट डोळ्यांनी मोजत होता. मी विचारलं, पाट्याचं एक टोक चासीला पक्कं असतं आणि दुसरं झोक्यासारख्या कडीवर, असं का? तो म्हणाला, माल भरला की पाटा लांबतो; दोन्ही टोकं पक्की केली तर चासीच फाडेल. कमानीवर वजन आलं की ती बाजूला पसरू पाहते, हे इतक्या थोड्या शब्दांत कुणा प्राध्यापकानं मला सांगितलेलं नाही. पोलादाला पसरायला जागा देता येते. दगडाला ती देता येत नाही. दगडी कमानीचा पाय बोटभर सरकला तरी माथ्याला भेग पडते.

आता आपल्या आसपासचं बांधकाम या नजरेनं पाहू. येऊरच्या डोंगराच्या पलीकडे कान्हेरी आहे. तिथल्या चैत्यगृहाचं छत अर्धगोल आहे, पण तो अखंड खडक आहे. तिथे दगडावर दगड टेकलेला नाही, म्हणून रेटाही नाही. कार्ल्याच्या चैत्यगृहात त्या अर्धगोलाखाली सागवानी फासळ्या अजून आहेत. दोन हजार वर्षांचं ते लाकूड काहीही उचलत नाही. लाकडी इमारतीत ज्या जागी कमान असायची, तिची आठवण म्हणून ते तिथे आहे.

अंबरनाथचं शिवमंदिर शके ९८२ चं, म्हणजे १०६० सालचं, शिलाहार राजा मुम्मुणीच्या काळातलं. तिथे वर पाहिलं तर छत वाटोळं होत गेलेलं दिसतं, पण दगड सगळे आडवे आहेत. प्रत्येक थर खालच्या थरापेक्षा थोडा पुढे सरकवत नेलेला. या पद्धतीत वजन जवळजवळ सरळ खाली जातं. शिलाहारांची राजधानी श्रीस्थानक, म्हणजे आपलं ठाणं. इथल्या पाथरवटांनी एवढी किचकट मंदिरं घडवली आणि खरी कमान टाळली. काही जण याला त्यांचं अज्ञान म्हणतात. मला ते पटत नाही. त्यांना बाजूचा रेटा नकोच होता, असं माझं मत आहे. हजार वर्षांच्या आसपास ते मंदिर उभं आहे, आणि एवढा पुरावा मला पुरतो.

खरी कमान पाहायची तर वसईच्या किल्ल्यात जावं. १५३४ मध्ये वसई पोर्तुगीजांकडे गेली आणि १७३९ मध्ये चिमाजीअप्पांनी ती घेतली. तिथल्या चर्चची छपरं केव्हाच गेली, भिंती ठिकठिकाणी ढासळल्या, पण काही कमानी आकाशाखाली एकट्या उभ्या आहेत. वर काही नाही, बाजूला फारसं काही नाही, फक्त दगड दगडाला दाबून राहिलेला आहे. विद्यार्थ्यांना कमान शिकवायला वसईइतकी चांगली शाळा आपल्या जिल्ह्यांत दुसरी नाही.

पेशवाईतल्या वाड्यांमधली लाकडी महिरप मात्र कमान नव्हे. सुरूच्या आकाराचे खांब, त्यांच्या मधोमध पाकळ्यापाकळ्यांची महिरप, पण भार वाहते ती वरची तुळई. महिरप खाली ठोकून बसवलेली असते. ती काढली तरी माळा खाली येत नाही. मला ती फार आवडते, कारण ती स्वतःला दागिना म्हणूनच मिरवते. गावोगावच्या स्वागतकमानींबद्दल मला असं म्हणता येत नाही. पाडव्याच्या शोभायात्रेत बांबू, केळीचे खांब आणि आंब्याच्या डहाळ्यांनी उभारलेली कमान दोन दिवस शोभते आणि उतरते, ते छान. पण पक्क्या सिमेंटची स्वागतकमान म्हणजे दोन खांब, वर आडवा बीम आणि त्या बीमला दिलेला गोल मुखवटा. तिचा पाया, तिची उंची, तिच्याखालून जाणारा उंच कंटेनर, याचा विचार फार थोड्या ठिकाणी झालेला दिसतो. ज्याच्या नावानं ती उभारली, त्याचा मान राखायचा असेल तर आधी तिचं बांधकाम मानाचं असावं.

आता मी जिथे सगळ्यात जास्त थांबणार आहे तिथे येतो. नानांच्या हयातीतच रेल्वे बोरघाट चढली. १८५६ मध्ये काम सुरू झालं आणि १८६३ मध्ये संपलं. मुख्य इंजिनिअर जेम्स बर्कले. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल इथे आल्यावर थोड्याच दिवसांत, १८५९ मध्ये, वारले आणि ते कंत्राट त्यांच्या पत्नी अ‍ॅलिस ट्रेडवेल यांनी पुढे चालवलं. काम ऐन भरात असताना घाटात ४२,००० मजूर होते. २५ बोगदे आणि दऱ्यांवरचे ८ मोठे कमानीपूल त्यांनी बांधले. पटकीनं किती मेले त्याचा नीट हिशेब नाही, आणि दगड घडवणाऱ्या पाथरवटांची, वडारांची नावं कुठल्याही शिलेवर नाहीत.

या पुलांपैकी एक उंच पूल १८६७ च्या जुलै महिन्यात कोसळला. घाट खुला होऊन अवघी चार वर्षं झाली होती. चौकशी झाली तेव्हा दोष कमानीच्या आकारात निघाला नाही, बांधकामात निघाला. दर्शनी बाजू घडीव दगडांची, पण आत भरताड आणि निकृष्ट चुना. पाणी आत मुरलं, चुना धुपला, दगड सुटे झाले. कमान दगडांना दाबून धरते हे खरं, पण दगड एकमेकांना नीट टेकलेच नसतील तर ती कोणाला दाबणार? त्यानंतर रेल्वेनं आपल्या इतर पुलांच्या दगडकामाकडेही संशयानं पाहायला सुरुवात केली आणि बरंच काम नव्यानं करावं लागलं.

दुसरी दुर्घटना आपल्या सगळ्यांच्या आठवणीतली. २ ऑगस्ट २०१६. महाडजवळ सावित्री नदीवरचा १९२८ सालचा दगडी कमानींचा पूल पुरात गेला. दोन एसटी गाड्या आणि आणखी वाहनं अंधारात पाण्यात गेली. परवा त्या रात्रीचा स्मृतिदिन आहे. त्या गाड्यांतल्या माणसांना नमस्कार करून पुढचं सांगतो.

एक कमान गेली असती तर भोक पडलं असतं. पुलाचे कितीतरी गाळे एकदम का गेले? उत्तर त्या १८५५ च्या चित्रात आहे. रांगेतल्या कमानी एकमेकींच्या रेट्यावर उभ्या असतात. मधला खांब बारीक असतो, कारण त्याला दोन्हीकडून सारखंच ढकललं जातं. एका बाजूची कमान गेली की दुसरीचा पूर्ण रेटा त्या बारीक खांबावर एकट्यावर येतो. तो त्यासाठी बांधलेलाच नसतो. म्हणून जाणते इंजिनिअर लांब पुलात काही गाळ्यांनंतर एक खांब मुद्दाम जाड ठेवतात, म्हणजे पडझड तिथे थांबते. आणि सुरुवात कुठून होते? बहुतेक वेळा तळातून. पुराचं पाणी खांबाभोवती गरगर फिरत वाळू उपसतं, पाया उघडा पडतो. वरच्या कमानीला तडा जाईपर्यंत रस्त्यावरून जाणाऱ्याला काही दिसत नाही.

या दोन्ही दुर्घटना पावसाळ्यातल्या आहेत. आपल्या मुलखात कमान सहसा वजनानं पडत नाही, पाण्यानं पडते. जुन्या दगडी पुलावर बैलगाड्या धरून हिशेब केला होता, आता कंटेनर जातात, म्हणून पूल पडतात, असं म्हणणं सोपं आहे. वजनाची मर्यादा पाळायलाच हवी, पण कमानीचं स्वतःचं दगडी वजनच इतकं असतं की एका ट्रकनं तिला फारसा फरक पडत नाही. पाण्यानं पडतो.

पाणी तिला कसं खातं ते जवळून सांगतो, कारण हे तुम्हालाही पाहता येईल. रस्ता आणि कमानीची पाठ यांच्यामध्ये मुरूम-मातीचा भराव असतो. त्यात मुरलेलं पाणी बाहेर पडावं म्हणून कमानीच्या पोटात आणि बाजूच्या भिंतीत निचऱ्याची भोकं ठेवलेली असतात. वर दरवर्षी डांबराचा नवा थर चढतो, पाण्याचा उतार बदलतो, भोकं मातीनं बुजतात. पाणी मग दगडांच्या दर्जांमधून, म्हणजे सांध्यांमधून, वाट काढतं आणि चुना विरघळवून आणतं. कमानीच्या पोटाला पांढरे ओघळ दिसतात, ते हेच. नंतर एखाद्या दर्जेत पक्ष्यानं टाकलेलं पिंपळाचं किंवा उंबराचं बी रुजतं. रोप हातभर असतं तेव्हा मूळ आत दोन हात गेलेलं असतं. कुणी ते वरून कापतं, मूळ तसंच राहतं आणि दुप्पट जोमानं फुटतं. त्यावर उपाय म्हणून दर्जा सिमेंटनं भरल्या जातात. सिमेंट चुन्यापेक्षा कडक, ते पाणी बाहेर येऊ देत नाही आणि कमानीबरोबर हलतही नाही. चार पावसाळ्यांत ते सुटतं आणि सोबत दगडाची कडही घेऊन येतं. जुन्या कमानीला चुनाच हवा, वाळू आणि विटकरीची पूड घालून चुन्याच्या घाण्यात नीट मळलेला. तो चुना करणारी माणसं आपल्याकडे अजून आहेत. त्यांना काम मिळालं नाही तर ती राहणार नाहीत.

माजिवड्याबद्दल बोलल्याशिवाय मी थांबू शकत नाही. पूर्व द्रुतगती मार्ग, घोडबंदर रस्ता आणि नाशिकचा महामार्ग आपल्या दारात एकत्र येतात. आपल्या डोक्यावर उड्डाणपूल आहेत, त्यांच्या वर मेट्रोचा मार्ग. या सगळ्यांत उभी कमान जवळजवळ नाही. सगळे सरळ गर्डर. वळणं आहेत ती आडवी, रस्त्याच्या पातळीत. पण रेटा तिथेही आहे. वळणावर गाडी बाहेर फेकली जाऊ पाहते, म्हणून रस्त्याची बाहेरची कड उंच ठेवतात. हा रेटा वेगाच्या वर्गानं वाढतो. ताशी ३० ऐवजी ६० नं वळलात तर तो चौपट. भरलेला कंटेनर उड्डाणपुलाच्या वळणावर का उलटतो, त्याचं उत्तर एवढंच आहे. माल उंच रचलेला असेल तर त्याहून कमी वेगातही उलटतो. वळणाआधीच्या पाटीवरचा आकडा हिशेब करून लिहिलेला असतो, हे आपल्या घरातल्या दुचाकीवाल्या मुलांना जरूर सांगा.

कमान आता जुनी झाली, संपली, असं कुणाला वाटत असेल तर चिनाब नदीवरच्या रेल्वेपुलाकडे पाहा. नदीपात्रापासून ३५९ मीटर उंच आणि ४६७ मीटर गाळ्याची ती पोलादी कमान ६ जून २०२५ रोजी रेल्वेसाठी खुली झाली. ते काम पार पाडणाऱ्या कोकण रेल्वे महामंडळाचं मुख्यालय आपल्या खाडीपलीकडे बेलापुरात आहे. तिथेही वर्षानुवर्षं गेली ती कमानीचे पाय टेकायचे डोंगरउतार पक्के करण्यात. गाळा वाढला, दगडाच्या जागी पोलाद आलं, तरी काळजी करायची जागा तीच राहिली.

शेवटी आपल्या घरचं. कळव्याचा ब्रिटिशकालीन पूल आज वाहतुकीला बंद आहे. शेजारी नवे पूल झाले, वाहतूक तिकडे गेली, ते योग्यच. पण वाहतूक थांबली म्हणजे कमानीचा रेटा थांबला असं नव्हे, आणि पाऊस तर थांबलेला नाहीच. बंद पूल म्हणजे ज्याच्याकडे कुणाचं लक्ष नाही असा पूल. पारसिकच्या १९१६ सालच्या बोगद्याचंही तसंच. बोगदा म्हणजे डोंगराच्या पोटातली लांबच लांब कमान. तिच्या तोंडावर आणि माथ्यावर कचरा आणि सांडपाणी साचत राहिलं, तर तिलाही तेच पाणी खाणार.

माझी मागणी मोठी नाही. ठाणे आणि कल्याण-डोंबिवलीतल्या जुन्या दगडी कमानींची, मग त्या पुलाच्या असोत, वेशीच्या असोत, विहिरीच्या असोत, एक यादी व्हावी आणि ती लोकांसमोर असावी. दरवर्षी दिवाळीनंतर, पाणी ओसरलं की, जाणत्या माणसानं त्यांच्या पायथ्यापर्यंत उतरून त्या पाहाव्यात. निचऱ्याची भोकं मोकळी करावीत, झाडं मुळासकट काढावीत, दर्जा चुन्यानं भराव्यात. याला लागणारा पैसा नव्या पुलाच्या तुलनेत अगदी किरकोळ आहे. यंत्रणा हे करतील तेव्हा करतील. तोवर आपल्यापैकी ज्यांच्या रोजच्या वाटेवर अशी एखादी कमान आहे, त्यांनी या पावसाळ्यात तिच्याखाली जरा थांबून वर पाहावं. पांढरे ओघळ दिसले, पिंपळाचं रोप दिसलं, तर फोटो काढून तारखेसह आपल्या प्रभाग कार्यालयात लेखी अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी. पुढच्या वर्षी त्याच जागेचा फोटो पुन्हा काढावा. अर्ज लिहायला मदत लागली तर मला भेटा. मी माजिवड्यातच राहतो आणि हे काम मी आनंदानं करीन.